खांबांच्या चोळ्या

बेलापूरहून खाडीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याला एक अवघड वळण होतं. चौऱ्याऐंशी साली तिथं खडीचा एक ट्रक सरळ खारफुटीत उतरला. ड्रायव्हर चिखलानं माखून वर आला, बाकी काही झालं नाही. पण त्यानंतर वळणाच्या कडेला कमरेइतक्या उंचीचे लोखंडी खांब रोवले गेले. त्यांना पिवळे-काळे पट्टे मारायचं काम नामदेवशेठकडे आलं.

नामदेवशेठ तिथल्याच खाडीकाठच्या गावचा. भातशेती नव्या शहराच्या प्रकल्पात गेल्यावर तो बारीकसारीक कंत्राटं घेऊ लागला होता. रंगकामाला त्याच्याकडे दोघं होते, मारोतीकाका आणि भगवान. दोघंही परभणीकडचे. भगवान गावाहून आला तेव्हा त्याला ब्रश धरायला काकांनीच शिकवलं होतं. काकांचा हात नावाजलेला. दोरा नाही, खडूची खूण नाही. ब्रश टेकवायचा आणि खांबाभोवती फिरायचं. रेघ जिथून निघाली तिथंच येऊन बरोबर मिळायची.

या खांबांवर मात्र ती मिळेना. पहिल्याच खांबाला काळ्या पट्ट्याची कड वर-खाली झाली. दुसऱ्याला रेघेची दोन टोकं बोटभर चुकली. भगवाननं पाहिलं, काकांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि बिडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी नामदेवशेठ मोटरसायकलवरून आला. खांबांपाशी थांबून त्यानं मान वाकडी केली.

"भगवान, ह्यो पट्टा हाय का गांडूल?"

"करतो नीट, शेठ."

"नीट कवा करशील? सोमवारपासून हितून बस जानार हाय. ड्रायव्हर म्हनतोय, खांब लांबून दिसले पायजेत, नायतर मी गाडी घालनार नाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काकांना आता पानी भरायला, डबे धुवायला ठेव. ब्रश तू घे."

काका पलीकडेच होते. त्यांना ऐकू गेलं असणारच.

एकट्याच्या हातानं सगळे खांब सोमवारच्या आत होणं कठीण होतं. भगवाननं आधी दोरा बांधून पाहिला. रंग दोऱ्याखाली शिरला. मग स्टेशनरीच्या दुकानातून डिंकाची कागदी पट्टी आणली. खाडीच्या दमट हवेत ती जागोजागी सैल पडली आणि जिथं चिकटून राहिली तिथून काढताना पिवळा रंगही सोलून घेऊन आली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको, गोजरा, दारात मशीन मांडून बसली होती. आजूबाजूच्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची. भगवाननं स्कूटरची एक फाटकी ट्यूब आणली होती. तिचे आडवे तुकडे कापून तो खांबाएवढ्याच जाडीच्या पाण्याच्या पाइपवर बांगडीसारखे चढवू लागला.

"हे काय चाललंय?" गोजरानं विचारलं.

"रबर घट्ट बसतंय बघ. दोन रबरांच्या मधी काळा मारायचा. कड एकदम सरळ."

त्यानं मारूनही दाखवला. कड खरंच सुरीनं कापल्यासारखी होती. मग रबर वर ओढून काढलं आणि ओला रंग त्याच्यासोबत वरपर्यंत फासला गेला.

गोजरा हसायला लागली. भगवानचं तोंड पडलेलं बघून तिनं हसू आवरलं, पण पूर्ण नाही.

"अहो, अंगाला घट्ट बसणारा ब्लाऊज कुणी डोक्यावरनं ओढून काढतं का? पुढनं उघडायचा ठेवतात की त्याला."

तिनं मशीन सोडलं आणि रबराची एक बांगडी कात्रीनं उभी कापली. आधी तिनं ब्लाऊजचेच हुक लावून पाहिले. रबर ताणताच हुक सरळ झाले. रबर शिवताना मशीनच्या सुया तुटल्या त्या वेगळ्याच. मग तिनं जुन्या दप्तराची बक्कलं काढली आणि ती हातानं, दाभणानं शिवली. बक्कलाखाली फट राहत होती, तिथून रंग आत गेला असता. म्हणून हुकांच्या मागं असते तशी एक पट्टी तिनं आतून जोडली.

"आता चढवा," ती म्हणाली.

चढवली, रंग मारला, बक्कल सोडलं. रबर अलगद बाजूला झालं. पट्टा जागच्या जागी.

भगवाननं पंक्चरवाल्याकडून अजून ट्यूब आणल्या आणि गोजरानं सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या शिवल्या. त्यातून मापाचाही प्रश्न सुटला. आधी सगळा पिवळा केलेल्या खांबाला वरपासून खालपर्यंत पट्ट्या एकमेकींना चिकटून बांधायच्या आणि मग एकाआड एक सोडून काढायच्या. उघडी पडलेली जागा काळी करायची. फूटपट्टी लागत नव्हती की खूण लागत नव्हती.

सकाळी भगवान पट्ट्यांची पिशवी घेऊन वळणावर गेला, तर काका खरंच डबे धूत बसले होते. खांबाला रबर बांधताना बघून ते म्हणाले, "आता खांबालाबी चोळ्या शिवल्या का रे?"

"गोजरानं शिवल्यात. बघा की एक मारून."

"मला डबे धुवायला ठेवलंय."

"काका, मी बांधत पुढं जातो, तुमी मागनं मारत या. एकट्यानं दोन्ही केलं तर सोमवार गाठत नाही."

काकांनी हात पुसले. ब्रश घेतला तेव्हा तो हात तसाच थरथरत होता, पण आता ब्रश रबरावर गेला काय आणि लोखंडावर गेला काय, फरक पडत नव्हता. एक खांब झाला. भगवाननं बक्कलं सोडली. काका वाकून कड बघत राहिले. त्यांनी खांबाभोवती सावकाश एक चक्कर मारली.

"माझ्या हातासाठी केलंस हे?"

"नाही काका, लवकर व्हावं म्हणून."

"खोटं बोलायला मी नव्हतं शिकवलं तुला."

भगवान पुढचा खांब बांधायला लागला. मागून काकांचा आवाज आला, "बांध लवकर. मी थांबलोय ना."

मग काम पळू लागलं. बांधायचं, मारायचं, सोडायचं, रबर रॉकेलनं पुसून पुढच्या खांबाला. दुपारी गोजरा भाकरी घेऊन आली आणि परत गेलीच नाही. पदर खोचून बक्कलं सोडायला लागली. तिची बोटं दोघांपेक्षा चपळ. काका गुणगुणायला लागले होते. कितीतरी दिवसांत भगवाननं ते ऐकलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी शेवटचा खांब झाला, रविवार वाळायला मोकळा मिळाला.

नामदेवशेठ रविवारी आला. वळणाच्या अलीकडे मोटरसायकल थांबवून लांबून बघितलं, मग जवळ येऊन एका कडेवर नख फिरवलं.

"ह्यो कोनाचा हात?"

"माझा," मारोतीकाका म्हणाले. "पण सरळपणा गोजराचा."

त्यांनी पट्टी बांधून दाखवली. शेठनं स्वतः बक्कल लावलं, काढलं, परत लावलं. मग काकांकडे वळून म्हणाला, "काका, त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नका."

"घेतलं होतं," काका म्हणाले. "आता सोडलं."

शेठ हसला. पुढच्या पुलाच्या कठड्याचं कामही त्याच्याकडेच होतं. ह्या पट्ट्या तिथं पाठव, असं तो भगवानला सांगू लागला, तर गोजरा मध्ये बोलली, "पट्ट्या नुसत्या येणार नाहीत, शेठ. त्या माझ्या आहेत. मी येईन, आणि रंगाला काका पाहिजेत."

"मी कुठं नाय म्हनलो?" शेठ म्हणाला. "तिघं या."

सोमवारी बस आली आणि वळण घेऊन गेली. ती बघायला यांच्यातलं कुणीच तिथं नव्हतं. तिघं पुलावर होते आणि तिथले खांब चौकोनी निघाले होते. रबर कोपऱ्यांवर घट्ट बसायचं, पण मधल्या सपाटीवर उचललं जायचं. भगवान म्हणत होता, रबर अजून ताणू. गोजराचं म्हणणं, आत लाकडाच्या पातळ पट्ट्या शिवायच्या. मारोतीकाका कठड्याला टेकून दोघांचं ऐकत होते.

"भांडा, भांडा," ते म्हणाले. "तोवर मी पिवळा मारून घेतो."

आणि त्यांनी डबा उघडला.