ब्रीदरमधला बोळा

आमच्या गाडीला मी कधी सवत म्हटलं नाही. सवत निदान स्वतःचं स्वतः आवरते. ही बया एकोणीस वर्षं आमच्या दारात उभी राहून तेल गाळत होती, आणि पुसायची मी.

तेल कुठून गळतं ते मला तोंडपाठ होतं. इंजिनाच्या डोक्यावरून एक रबरी पाइप निघतो, मागून खाली उतरतो आणि चाकाजवळ जमिनीकडे तोंड करून उघडाच राहतो. त्याला ब्रीदर म्हणतात. इंजिनाच्या पोटात साठलेला धूर तिथून बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत तेलाचे थेंब. आमचे हे त्या ट्रकचे मालक, ड्रायव्हर आणि वकील, तिन्ही. त्यांचं म्हणणं, "जुन्या इंजिनाला एवढं चालायचंच." चालायचं तर चालू दे, पण फरशी माझी होती.

माझी म्हणजे अर्धी माझी. अंगण आमचं आणि शेजारच्या शिंपीणबाईंचं सामाईक. एकदा त्यांच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर काळं पाऊल उमटलं. ते कापड त्यांनी मला घरी आणून दाखवलं. बोलल्या काही नाहीत. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी पाइपाखाली पत्र्याचा ट्रे ठेवायला लागले. पण बोळकांड्यांतून भरलेला ट्रक उलटा काढणाऱ्या या माणसाला तो पाइप कधी ट्रेवर आणता आला नाही. कधी वीतभर पुढे, कधी हातभर मागे. एकदा तर चाकच ट्रेवरून गेलं. "ट्रे चुकीच्या जागी होता," म्हणाले.

मग मी माझा उपाय केला. जांभळ्या फुलांचा एक जुना उशीचा अभ्रा फाडला, त्याचा घट्ट बोळा केला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला. वरून तार गुंडाळून पकडीने पिळली. मी बांधलेलं सहसा सुटत नाही. दोन दिवस गाडी उभीच होती आणि फरशी कोरडी ठणठणीत. शिंपीणबाईंनी जाता-येता माझ्याकडे बघून मान डोलावली. मी स्वतःवर इतकी खूश होते की ह्यांना सांगायचंही विसरले. खरं तर विसरले नाही. सांगितलं असतं तर अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी हे माल घ्यायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परतले. इंजिन तेलाने न्हालेलं. ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर सरकलेली, वरच्या झाकणाच्या कडेने तेल, पुढच्या पुलीपाशी तेल, मागे गिअरबॉक्स जोडलेला असतो तिथेही तेल. ह्यांनी बराच वेळ आत बघितलं, हात पुसले आणि म्हणाले, "इंजिन गेलं."

माझा धाकटा भाऊ मिस्त्री आहे. एरवी गाडीला शिंक आली तरी हे त्याला बोलावतात. पण तो लांब एका खाणीवर मशिनं दुरुस्त करायला गेला होता आणि तिथे फोन लागत नव्हता. तो येईपर्यंत थांबावं, असंही ह्यांना वाटलं नाही. पाइप तपासणं तर लांबच, ते पुन्हा गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. गाडी विकायची आणि घरी बसायचं, असं एका दुपारीत ठरवून मोकळे झाले.

मला आनंद झाला. आता लपवून काय करू? लग्न झाल्यापासून माझा नवरा मी महिन्यातले आठ-दहा दिवस बघितलेला, त्यातले निम्मे दिवस गाडीखालून बाहेर आलेले त्याचे पाय. आता सबंध माणूस घरात मिळणार होता.

घरात ड्रायव्हर ठेवणं सोपं नसतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी कपाट सरकवत होते तर हे मागे उभे राहून, "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, बास." हात लावला नाही, फक्त दिशा दाखवली. खिडकीजवळ बसले की एक कोपर खिडकीबाहेर. पंखा जरा वेगळा वाजला की मान तिरकी करून ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग बोलतंय." मी म्हटलं, "त्याला बोलू द्या, तुम्ही जेवा." पण चारचा चहा आम्ही समोरासमोर बसून प्यायला लागलो. ते मला फार आवडायला लागलं.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी पाचला जुन्या गाड्या घेणारा दलाल यायचा होता. त्या दिवशी सकाळी भावाचा फोन लागला. मी त्याला सगळं सांगितलं, बोळा सोडून.

"सगळीकडून एकदम?" तो म्हणाला. "ताई, असं एका दिवसात होत नाही. दाजींना म्हणावं ब्रीदरचा पाइप मोकळा आहे का बघा. तो तुंबला तर आतला दाब वाटेल तिथून तेल बाहेर ढकलतो. परवा येतोच मी."

मी फोन ठेवला. म्हणजे ही करामत माझी. सांगितलं तर हे परवा गाडीवर जाणार. नाही सांगितलं तर पाचला गाडी जाणार आणि हे राहणार. मी भाजी निवडायला बसले. निवडलेली पुन्हा निवडली. तोवर चार वाजले.

चहा पिताना हे स्वतःच बोलायला लागले. कपाकडे बघत.

"अगं, एक सांगू? इंजिन मीच मारलं."

"काहीतरीच काय."

"नाही, ऐक. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना, त्या खेपेला ऑइल बदलायचं होतं. गॅरेजपाशी आलो होतो. नंबर लागायला दोन तास होते. मी म्हटलं, नंतर बघू. तसाच सरळ दवाखान्यात आलो. पुढे दोन खेपा तशाच झाल्या. तिने एकोणीस वर्षं कधी दगा दिला नाही, आणि मी दोन तास थांबलो नाही."

त्या दिवशी मला आत नेण्याआधी हे पोचले होते, ते मला आठवतं. अंगाला डिझेलचा वास, दाढी वाढलेली. मी म्हटलं होतं, "एका डोळ्याला दिसत नाही तेच बरं." नर्स हसली होती, हेही हसले होते. मनात ही बोच घेऊन हसले होते, हे मला आता कळत होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. बोळा अगदी जिभेवर आला होता. पण मी कप उचलले आणि आत गेले. लाजही वाटत होती, आणि परवापासून चार वाजता पुन्हा एकटीने चहा प्यायची माझी तयारी नव्हती.

दलाल वेळेवर आला. गाडीभोवती फिरताना त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा. त्याने इंजिन चालू करायला लावलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं. ही त्या लोकांची जुनी परीक्षा. झाकण स्थिर राहिलं तर इंजिन चांगलं, थरथरलं तर म्हातारं. आमचं झाकण टणकन उडून त्याच्या पायाशी पडलं.

दलाल चुकचुकला. "मालक, ऑइल वेळेवर बदललं नाही वाटतं."

ह्यांनी मान खाली घातली. "हो. चूक माझीच आहे."

एकोणीस वर्षांत या माणसाने चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. ट्रेच्या बाबतीतसुद्धा नाही. आणि आज एका परक्या माणसासमोर, अंगणात, माझी चूक आपली म्हणून सांगत होते.

"गाडी बंद करा," मी म्हटलं.

"का?"

"करा म्हणते ना."

हत्यारांच्या पेटीतून पक्कड घेतली, पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. मागून दलाल काहीतरी म्हणाला. तार सोडवायला वेळ लागला, कारण बांधली होती मी. शेवटचा पीळ सुटला आणि बोळा ओढला तसं पाइपात अडकलेलं पेलाभर काळं तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. बाहेर येऊन मी बोळा ह्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलगडला. एका कोपऱ्यात जांभळं फूल अजून ओळखू येत होतं.

"हा माझ्या उशीचा अभ्रा," ते म्हणाले.

"हो."

"तू घातलास?"

"फरशी खराब होत होती. आणि सकाळपासून मला माहीत आहे की त्यानेच हे झालं. तुम्ही घरी राहाल म्हणून गप्प बसले."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं. पण ते त्या फडक्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही हो."

"ऑइलमुळे नाही?"

"नाही."

मग ते वळले, पाठ करून उभे राहिले आणि त्याच तेलकट फडक्याने चेहरा पुसला. तोंड काळंभोर झालं. दलालाच्या लक्षात आलं की इथे आता व्यवहाराचं काही खरं नाही. तरी जाता जाता त्याने आपला नंबर शिंपीणबाईंकडे ठेवला. इंजिन पुन्हा चालू केलं तेव्हा झाकण थोडं थरथरलं, पण जागेवर बसून राहिलं.

दोन दिवसांनी भाऊ आला. आधी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मग कामाला लागला. मागचं एक सील गेलं होतं, ते बदललं. ब्रीदरचा पाइप त्याने खाली उतरू न देता वरूनच वळवला आणि केबिनच्या मागे एका डब्यात नेला. डबा म्हणजे माझी झाकणाची ॲल्युमिनियमची बरणी. दंड म्हणून जप्त झाली. आत भांडी घासायच्या तारेच्या दोन घासण्या, त्याही माझ्याच. धूर त्यांतून जाताना तेल तिथेच अडकून राहतं म्हणे. तळाला तेल काढून घ्यायची तोटी बसवली आणि वरून दुसरा पाइप उघड्यावर काढला.

"ताई, हा दुसरा पाइप बघून ठेव," तो म्हणाला. "याला फुलं, पानं, काही लावायचं नाही. इंजिनाला श्वास सोडावा लागतो."

"मला कळलंय."

"दाजी, घरातले सगळे अभ्रे मोजून जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी हे निघाले. दाढी केलेली, आणि शीळ वाजत होती. मी गाडीच्या दाराशी उभी राहिले, तोंड पाडून. लपवायचा प्रयत्नही केला नाही. ह्यांनी इंजिन चालू केलं, जरा ऐकलं आणि खिडकीतून खाली वाकले.

"एक सांगायचं राहिलं," म्हणाले. "खरंच त्या दोन तासांमुळे इंजिन गेलं असतं ना, तरी मी तसाच आलो असतो."

मी पदराने गाडीचं दार पुसलं, पुसायची गरज नसताना.

"डब्यातलं तेल काढत जा वेळेवर," मी म्हटलं.