अकराव्या दिवसाचं न्हाण

पेशवाईतला वैशाख. शनिवार पेठेत दिगंबरपंत कारकुनांच्या घरी त्या सकाळी मोठी गडबड चालली होती. सुनेचं, सगुणाबाईंचं, सुवेर फिटायचं होतं. बाळंतपणानंतर दहा दिवस आईला नि बाळाला कोणी शिवायचं नाही. अकराव्या दिवशी न्हाणं झालं की दोघं शुद्ध. सासूबाई तुळजाबाई पहाटेच सोवळं नेसून चुलाण्यावर हंडा चढवून बसल्या होत्या. नातवाला मांडीवर घ्यायला त्यांचे हात शिवशिवत होते. सुनेची आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली होती आणि दोन्ही मुलं गेली होती.

हा तिसरा हाती लागला तो सोजरबाई सुईणीमुळे. मूल पायाकडून अडलेलं. दोन दिवस सून ओरडत होती नि वैद्यबुवा दाराबाहेरूनच काढा सांगून गेले. तेव्हा कुठं मांगवाड्यातून सोजरबाईला धावतपळत आणलं. त्या वेळी तिची जात कोणी काढली नाही बरं का! म्हातारीनं मूल सोडवलं, तोंडात फुंकर घालून रडवलं, आणि पुढं दहा दिवस भल्या पहाटे चालत येऊन दोघांना तेल चोळलं, शेक दिला. सुवेराच्या खोलीला आणखी कसला विटाळ होणार? शास्त्र केवढं सोयीचं, पाहा.

पहिल्याच दिवशी सगुणाबाईंनी तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं, तेव्हा ती भिऊन भिंतीला टेकली होती. सगुणाबाई हसून म्हणाल्या, "पी गं. दहा दिवस आपण दोघी एकाच जातीच्या."

ते दहा दिवस सरले. अकराव्या सकाळी बाळाला शेवटचं तेल लावून सोजरबाई मागच्या दारानं बाहेर पडली. तुळजाबाईंनी वरून एक जुनेर तिच्या पुढ्यात टाकलं. ते उचलून ती म्हणाली, "बाईसाब, घोटभर पानी वाढा. नरडं सुकलंय."

तुळजाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मुठा काय आम्ही घरात कोंडून ठेवलीय? जा की नदीवर."

म्हातारी निघाली. उपाशीपोटी आलेली, डोक्यावर ऊन. बोळाच्या तोंडाशी ती कोसळली. एक गृहस्थ धोतर सावरून पलीकडच्या कडेनं निघून गेले. दोघीतिघी दारात येऊन हळहळल्या; हळहळीला विटाळ होत नाही ना! घरची मोलकरीण शकू पुढं झाली, तर तुळजाबाईंनी तिला बजावलं की म्हातारीला शिवलीस तर उद्यापासून कामाला यायचं नाही. ओसरीवर पानाला चुना लावत बसलेले दिगंबरपंत म्हणाले, तिच्या माणसांना निरोप धाडा. कोणी जायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. ज्या हातांनी आपला वंश जगवला ते हात बोळात तापल्या फरशीवर पडलेत आणि हा आजोबा विडा जमवतोय! चीड येते हो लिहिताना.

शकूनं आत जाऊन सगुणाबाईंना सांगितलं. त्या अजून न्हाल्या नव्हत्या. सगळ्या घरात माणसासारखं वागायची मोकळीक उरली होती ती त्यांना एकटीलाच. बाळाला खाटेवर ठेवून, भिंतीचा आधार घेत, तांब्या घेऊन त्या बोळात गेल्या. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून तोंड पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. सावलीत बसून हुशारी आल्यावर ती काठी टेकत घरी गेली.

सगुणाबाई परतल्या तेव्हा तुळजाबाई हंड्याकडे बोट दाखवत होत्या. झालं ते झालं, आता न्हाऊन घे, म्हणाल्या.

"मी न्हाणार नाही. सोजरबाईला या घरचा तांब्या तुमच्या हातून मिळेल, त्या दिवशी न्हाईन."

दिगंबरपंत कडाडले. आत्ताच्या आत्ता माहेरी धाडतो, म्हणाले.

"धाडा. पण हाताला धरून काढायचं तर शिवावं लागेल." एवढं बोलून त्या खोलीत जाऊन बसल्या.

पंत दोन पावलं मागं सरले. ज्या विटाळानं म्हातारीला पाणी मिळू दिलं नव्हतं, त्याच विटाळापुढं आता अख्खं घर हात बांधून उभं होतं. हंडा रोज तापला नि रोज निवला. बारशाचा दिवस टळून गेला. आत बाळ रडे आणि तुळजाबाई उंबऱ्याबाहेर नुसत्या चुळबुळत राहत.

चौथ्या दिवशी त्यांनी शकूला पाठवून सोजरबाईला बोलावून घेतलं. ती बिचारी दबकत परसात आली. तुळजाबाईंनी तोंड फिरवून तांब्या पुढं केला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरला आणि मनसोक्त पाणी प्यायली. खोलीच्या दारातून ते पाहून मगच सगुणाबाई न्हाणीकडे वळल्या.

तुळजाबाईंचं मन द्रवलं असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. त्यांना नातू हवा होता. तो तांब्या त्यांनी परत घरात घेतला नाही. मागच्या दाराशी कोनाड्यात वेगळा ठेवायला लावला. सगुणाबाईंनी तो उचलला आणि जन्मभर त्याच तांब्यानं पाणी प्यायल्या.

ही जुनी गोष्ट झाली, असं म्हणून पान उलटू नका. शनिवार पेठेतली ती घरं आता कोथरूडला गेली, वारज्याला गेली. तिथल्या ओट्याच्या कोपऱ्यात एक कप उपडा घातलेला असतो, कान तुटलेला, कामाच्या बाईंचा. जरा उठा आणि आपल्या स्वयंपाकघरात बघून या.