रंगुबाईंच्या म्हशीची फॅट आणि माझा आडमुठेपणा

मी एक जुना, आडमुठा डबा आहे मित्रांनो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. केडगावच्या पुढे, पुणे रस्त्यापासून आत असलेल्या एका गावच्या दूध डेअरीत मी टेबलावर बसतो. दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजायची आणि पावती छापायची, हे माझं काम. नगरच्या दिशाताईंनी मला बसवलं, तेव्हा गावाने नारळ फोडला होता. आता येताजाता टपली मारतात.

माझी स्मृती म्हणजे चार-चार खणांच्या फडताळांची रांग. एका आकड्याला चार खण लागतात. तो पहिल्या खणापासून ठेवला, की मी झटकन वाचतो. अर्धा इथे, अर्धा शेजारच्या फडताळात ठेवला, तर माझ्या जुन्या प्रोसेसरला तो धड वाचता येत नाही. नवी यंत्रं वाचतात, वाचोत बापडी! अशा वेळी काय करायचं, ते माझ्या आतला कारभारी बघतो. त्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे. त्याला हुकूम देता येतो: तुकडे नीट जोडून घे, काम थांबव, नाहीतर सरळ दुर्लक्ष कर. दिशाताईंनी 'थांबव' निवडलं होतं. चूक झाकली गेली तर आपल्याला दिसणार कशी, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी नवा प्रोग्रॅम घातला. त्यात म्हशीच्या दुधाला एका खणाची खूण आली आणि तिच्यानंतरचा फॅटचा आकडा एक खण सरकला. गावात सगळ्यांच्या गायी, म्हैस एकट्या रंगुबाईंची. त्यांचं दूध आलं की मी ठप्प! मागे रांग ओरडायची. डेअरीचे सचिव सूर्यभान वैतागले आणि कुणाला तरी फोनवर विचारून त्यांनी हुकूमच बदलला: दुर्लक्ष कर.

माझं तोंडच दाबलं, मित्रांनो. दुसऱ्या सकाळी आकडा वेडावाकडा वाचून रंगुबाईंच्या पावतीवर मी दोन फॅट छापली. म्हशीच्या दुधाला सहा-सात तरी असते.

"मावशी, पानी घातलंय व्हय?" सूर्यभान सगळ्यांदेखत म्हणाले. "असलं दूध आमी घेत न्हाई."

रंगुबाईंनी कॅन दाराच्या मधोमध ठेवला. "आजवर मला असं कुनी बोललं न्हाई. मशीन बसवनाऱ्या बाईला बोलवा. तवर मी बी हलत न्हाई अन् माजा कॅन बी."

आडमुठेपणात ही तर माझी सख्खी बहीण! मला केवढा धीर आला.

दिशाताई नगरहून स्कूटरवर आल्या. त्यांनी हुकूम पुन्हा 'थांबव' केला, तेच दूध घातलं. मी थांबलो आणि का थांबलो तेही सांगितलं.

"चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे," त्या म्हणाल्या. "दुधात काही नाही."

त्यांनी खुणेनंतर तीन खण रिकामे सोडले. आकडा नव्या फडताळाच्या पहिल्या खणात जाऊन बसला. मी पावती छापली, फॅट साडेसात. सूर्यभान ती मुकाट पुढे सरकवू लागले.

"मोठ्यानं वाच," रंगुबाई म्हणाल्या. "मगाशी बोल्लास तेवड्या मोठ्यानं."

दार अडलेलं असल्याने रांग अजून तिथेच होती. त्यांनी वाचली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, उद्या हवं तर मला भंगारात घाला. पण मी थांबलो, तर टपली मारण्याआधी कारण विचारा. 'दुर्लक्ष कर' म्हणालात, तर मला ते ऐकावंच लागेल. मग तुमच्या गावात दारात कॅन ठेवून उभी राहणारी रंगुबाई आहे का, तेवढं आधी बघून ठेवा.