कोपराचं माप

सकाळी सहाला सिग्नेनं भट्टीत पहिलं लाकूड सारलं. तेव्हापासून दुपारपर्यंत सासऱ्यांनी तिला सतरा सूचना केल्या. त्यातल्या चार एकमेकींच्या विरुद्ध होत्या आणि दोन तर तिच्यासाठी नव्हत्याच. त्या तुर्स्ताइन म्हातारा सवयीनं आपल्या मुलाला, आर्नेला सांगत होता, आणि आर्नेला जाऊन दहा महिने झाले होते.

नाताळची बिअर काढायचा आर्ने. म्हातारा स्टुलावर बसून चुका काढायचा, सिग्ने लाकडं आणि कॉफी पुरवायची, आणि खोऱ्यात नाव व्हायचं ते म्हाताऱ्याचं. यंदा लाकडं तिची, कॉफी तिची, बर्फातून जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या तोडून आणणं तिचं, त्या घालून पाणी उकळणं तिचं, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भिजवून गाळणंही तिचं. स्टूल मात्र ज्याचं त्याच्याकडेच राहिलं.

"यंदा दुकानातली आणू या का, बाबा?" असं तिनं ऑक्टोबरात विचारून पाहिलं होतं.

"आण की. माझ्या मयताला आण."

तिला बर्गनला बहिणीकडे जायचं होतं. तिथे वरच्या मजल्यावर एक खोली तिच्यासाठी रिकामी होती. मेंढ्या आर्नेच्या आजारपणातच विकून झाल्या होत्या. राहता राहिला म्हातारा. त्याच्यासाठी खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा झाली होती, आणि त्याचा नकारही नव्हता. त्याची अट एकच होती. "घरचं विरजण जिवंत आहे तोवर ही भट्टी थंड पडायची नाही. ते मेलं, की मी चाललो."

विरजण म्हणजे बाजारात पाकिटात मिळतं ते यीस्ट नव्हे. म्हाताऱ्याच्या पणज्यापासून दर वर्षीच्या बिअरवरचा फेस काढायचा, कापडावर पसरून चुलीपाशी वाळवायचा आणि त्याच्या तपकिरी खपल्या बरणीत भरायच्या. पुढच्या वर्षी त्यातल्या अर्ध्याच लावायच्या, अर्ध्या राखून ठेवायच्या. गेल्या नाताळात आर्नेच्या आजारपणामुळे बिअर निघालीच नाही, त्यामुळे ती बरणी दोन वर्षं फ्रीजरमध्ये पडून होती.

चार वाजले, बाहेर काळोख झाला. लाकडी पिंपातला गोड काढा निवत होता. भिंतीवर आर्नेचा थर्मामीटर होता, आणि म्हाताऱ्यानं त्यावर आपली टोपी अडकवून ठेवली होती. ज्यांना कोपर नाही त्यांनी थर्मामीटर वापरावा, असं त्याचं मत. या घरात कोपर बुडवून सावकाश पाच मोजत. पाचापर्यंत ते सुखानं राहिलं, तर विरजण लावायचं. तेही चांगली ऊब असतानाच. पार निवू दिलं तर ते सुस्तावतं, चटका बसला तर मरतं.

म्हाताऱ्यानं बाही सारून कोपर बुडवलं आणि डोळे मिटून पाचापर्यंत मोजलं. "झालं. आण बरणी."

सिग्नेनंही कोपर बुडवलं. दोनालाच तिनं ते बाहेर ओढलं. कातडी लाल झाली होती.

म्हातारा तिच्याकडे बघत होता. तिनं 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. दिवसभरात तिनं शंभरदा 'हो बाबा' म्हटलं होतं, त्यात हा एक शब्द काही जड नव्हता. पण तिच्या डोळ्यांपुढे ती वरच्या मजल्यावरची खोली आली. खिडकी, पलंग आणि एकही सूचना नाही. तिनं बरणी पुढे केली.

म्हाताऱ्यानं अर्ध्या खपल्या मुठीत चुरल्या आणि पिंपात भिरकावल्या. त्या वेळी पोटातून आरोळी ठोकायची रीत आहे. आरोळी जेवढी दणकट, तेवढी बिअर. म्हाताऱ्याची आरोळी खोकल्यातच संपली.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीच्या खोलीत आली तेव्हा म्हातारा आधीच स्टुलावर होता. पिंपावरचं कापड त्यानं बाजूला केलं होतं. खाली काढा डबक्यासारखा निपचित. एक बुडबुडा नाही.

"जुनं झालं होतं," सिग्ने म्हणाली.

"जुना मी झालोय. विरजण नव्हतं." त्यानं बाही वर केली. कोपरावर हा एवढा फोड आला होता. "रात्री शर्ट काढताना दिसला. अजून दुखत नाही. तुझं दाखव."

"माझं काय बघायचंय?"

"दाखव म्हणतो ना."

तिनं दाखवलं.

"कितीला काढलंस?"

"दोनाला."

"आणि तोंड उघडलं नाहीस." म्हाताऱ्यानं पिंपावर कापड ओढलं. "काल दिवसभर मी ओरडत होतो, एक अक्षर मनावर घेतलं नाहीस. आणि जिथे ऐकायचं नव्हतं, तिथे बरं ऐकलंस!"

सिग्ने बादली उपडी घालून तिच्यावर बसली. एवढ्या वर्षांत ती या खोलीत पहिल्यांदाच बसत होती. "दमले मी, बाबा."

"दिसतंय ते. मला फोड जाणवत नाही, पण डोळे आहेत." मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "मलाही जायचंय खाली. तिथे म्हणे खोलीतच नळाला गरम पाणी आहे. पण माझ्या हातून मेलं असं नको होतं. तुझ्या हातूनही नको."

त्यानं कोटाच्या खिशातून बरणी काढली. राखलेल्या अर्ध्या खपल्या तीत होत्या. "रात्री फ्रीजरमधून काढून घेतली. म्हटलं, तू फेकून दिलीस तर?"

"मी तशी आहे का?"

"परवापर्यंत मीही 'नाही'च म्हणालो असतो."

तिला हसू आलं, आणि हसायचाही कंटाळा आला. ती उठली. चार बादल्या काढा तापवून तिनं पिंपात परत ओतला, ढवळला, कोपर बुडवलं. तीनाला काढलं. वाट पाहिली. परत बुडवलं. पाच. सुखाचे पाच. म्हातारा एकदाही बोलला नाही, आणि त्याला ते किती जड जात होतं ते स्टुलाच्या कुरकुरण्यावरून कळत होतं.

आता राखायचं काही उरलं नव्हतं. तिनं सगळ्या खपल्या टाकल्या आणि आरोळी ठोकली. सुरुवात बारीकच झाली. मग तिच्यात इस्पितळातल्या खुर्च्या आल्या, लाकडं आली, आर्ने गेला तो फेब्रुवारी आला, आणि ती थांबेचना. म्हाताऱ्यानं स्टूल मागे सरकवलं.

शेजारचा गुनवाल्ड नुसत्या मोज्यांनिशी बर्फातून धावत आला. "काय झालं? गेला का म्हातारा?"

"नाही गेला," तुर्स्ताइन म्हणाला. "तुझा हेलपाटा फुकट गेला."

गुनवाल्डच्या घरचं विरजण कधीच मेलं होतं. तो पाकिटातलं वापरी. त्याच्या बिअरला ओल्या मोज्याची चव येते, हे म्हातारा त्याला दर नाताळात त्याच्याच बाकावर बसून, त्याचाच पेला रिकामा करत सांगत आला होता.

दुपारपर्यंत पिंपात फुसफुस सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी सिग्नेनं फेस काढून कापडावर पसरला. वाळल्यावर दोन बरण्या भरल्या.

"दोन्ही गुनवाल्डला देणार आहे," ती म्हणाली. "पुढच्या नाताळात आपण त्याच्याकडे प्यायला येऊ. तुम्ही खालून, मी बर्गनहून."

म्हाताऱ्यानं नाक मुरडलं. "त्याच्या हाताला चव नाही."

"कोपर तर आहे ना?"

संध्याकाळी गुनवाल्ड बरण्या न्यायला आला. म्हाताऱ्यानं त्याला दारातच अडवलं. "बरणीला हात लावू नकोस. बाही वर कर आधी." आणि मग, न वळताच: "सिग्ने, पाणी तापव."

सिग्ने म्हाताऱ्याच्या स्टुलावर बसली होती. "गुनवाल्ड तापवेल," ती म्हणाली. "लाकडं बाहेर आहेत."