इंधनाविना उडणारा डबा

“गरम माल काट्यावर ठेवू नको, सूनबाई. काटा खोटं बोलते,” असं शेजारचे दयारामकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. निशिगंधाने ते हसण्यावारी नेलं. काकांनी नांदुऱ्याच्या सराफ्यात तीस वर्षं सोनं तोललं, हे खरं. पण अंतराळयानाचं त्यांना काय कळणार?

यान म्हणजे अजून नुसता तांब्याचा बंद डबा होता. तिच्या नवऱ्याने, गजेंद्रने, जळगाव जामोदच्या घरी मागच्या खोलीत तो बनवला होता. अशा डब्यात मायक्रोवेव्ह लहरी कोंडल्या तर तो इंधनाशिवाय पुढे सरकतो, असं जगात काही जण म्हणत. बाकीचे म्हणत, शक्यच नाही. सासूबाई बाकीच्यांतल्या. “गाडीत बसून आतूनच गाडी ढकलतो काय बे, गजा?”

निशिगंधाच्या बीएस्सीच्या पुस्तकाप्रमाणे सासूबाईच बरोबर होत्या. पण काकांनी दिलेल्या काट्यावर डबा ठेवला, वीज सोडली आणि वजन उतरू लागलं, तेव्हा निशिगंधालाही पटलं. डबा स्वतःला उचलत होता! आयटीआयची कायम नोकरी सोडून गजेंद्र याच कामासाठी पुण्याला जाणार, सोमवारी राजीनामा, असं ठरूनही गेलं.

रविवारी दुपारी तो शेवटचं मोजमाप घेत होता. नऊ महिन्यांच्या लेकीला, प्रेरणाला, कडेवर घेऊन निशिगंधा नेहमीसारखी खोलीच्या दारापासून लांब, अंगणात. निशिगंधाला कशाचीही धास्ती वाटायची, त्या लहरींची तर जास्तच. तेवढ्यात लाइट गेली. डब्याची घरघर थांबली.

“काय झालं बघा, काट्यावर?” तिने बाहेरूनच विचारलं.

काटा बॅटरीवरचा. वजन लगेच पहिल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही; गजेंद्र आतून एकेक आकडा सांगत होता. मग विजेने तापलेला डबा जसजसा निवत गेला, तसतसा आकडा हळूहळू चढू लागला.

“अहो, वीज नाही तरी उडून राह्यला तो!” ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून तिला कळलं, डब्याला उचलत होती ती वीज नव्हतीच.

काकांना बोलावलं. ते हसले नाहीत. “भट्टीतलं सोनं आम्ही निवल्यावरच तोलत होतो. गरम मालाभोवतालची हवा वर जाते, त्याले थोडं उचलून धरते.”

“काका, मंग मले गचांडी धरून काऊन नाही सांगतलं?” गजेंद्र म्हणाला.

“तुमचा आनंद पाहून मलेच वाटलं ना बे, उडते का काय!”

राजीनामा राहिला. नोकरी वाचली; काकांचे उपकार निशिगंधा विसरणार नाही. पण त्याहून मोठे उपकार पुढचे. गजेंद्र जेवेना, बोलेना, त्या खोलीकडे फिरकेना. काका रोज संध्याकाळी येऊन त्याच्याजवळ बसत. डब्याचं नाव काढत नसत. अठराव्या दिवशी गजेंद्रने स्वतःहून दुसरी भाकर मागितली, आणि निशिगंधाला चुलीकडे तोंड करून रडू आलं.

तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीतही असा कोणी असेल, ज्याचं मशीन उडालं नाही. चूक कुठे झाली ते विचारू नका. आज संध्याकाळी नुसते जाऊन या. तो जेवला का, ते बघा.