सहावा कप्पा

स्कार्फच्या घडीची कड कप्प्याच्या काठापासून बरोबर बोटभर आत होती. शेजारच्या पाच कप्प्यांतले टॉवेल, मोजे, रुमालही तसेच, बोटभर आत. काकूंनी ते अंतर नजरेनेच मोजलं आणि त्यांना बरं वाटलं. काकांचं बाकी सगळं सैल पडत चाललं होतं, पण हे अंतर चार महिन्यांत तसूभरही हललं नव्हतं.

सहा म्हाताऱ्या माणसांपुरतं ते घर. सहा खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, आणि ते चालवणाऱ्या ताई, ज्या कुणालाही "आठवतंय का?" असं विचारत नसत. विसरण्याचा आजार घेऊन काका इथे आले, तेव्हा पहिला आठवडा दाराशीच बसून होते. मग ताईंनी हॉलमधल्या कपाटाला सहा कप्पे करून घेतले. प्रत्येकाच्या कपड्यांना एका रंगाचा दोरा शिवला, कप्प्यावर त्याच रंगाची पट्टी लावली आणि धुतलेल्या कपड्यांचा ढीग काकांपुढे ठेवला. छत्तीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी केलेला माणूस. हात आपोआप चालू लागले. सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणायला लागले.

"नोकरीत हुकलेली बढती इथे मिळाली हो," काकू हसून सांगत.

सहावी खोली रिकामी होती, म्हणून सहाव्या कप्प्याला पट्टी नव्हती. पण काकू रोज अकराला येऊन आपला स्कार्फ खुंटीला अडकवत, आणि काका तो काढून, चौघडी करून नेमका त्याच कप्प्यात ठेवत. त्यांनी केलेलं काम त्यांच्यासमोर मोडायचं नाही, असा घराचा नियम. पाचला काका तोंड धुवायला गेले की ताई स्कार्फ हळूच काढून काकूंच्या हातात देत.

"ती खोली तुम्हीच घ्या ना, काकू," ताई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या.

"बघू," काकू म्हणाल्या. आजवर त्या तेवढंच म्हणत आल्या होत्या. लेक फोनवर म्हणायची, "आई, तू धडधाकट आहेस, तुला काय धाड भरलीय तिथे जाऊन राहायला?" पण खरं कारण ते नव्हतं. घरी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला काकांची उशी होती. काकू ती रोज झटकून जागेवर ठेवत. घर सोडायचं म्हणजे त्या उशीवर आता कुणी परतणार नाही, हे कबूल करायचं.

आज ताई म्हणाल्या, "चार वाजता एक कुटुंब खोली बघायला येतंय. मी तरी त्यांना किती दिवस थांबवू?"

"दाखवा की," काकू म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

शेजारच्या खुर्चीतल्या नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी त्या दिसेल त्याची नाडी बघत. "अठ्ठ्याऐंशी. धावत आलात?"

"जिना चढून आले."

"इथे जिना नाही. खोटं बोललं की वाढते."

पाहुणे साडेतीनलाच आले. ताईंची धांदल उडाली. काका समोरच रुमालांच्या घड्या घालत होते, आणि घाईघाईत ताईंनी त्यांच्या देखत सहावा कप्पा रिकामा केला.

काका उठले. "ते कुठे नेताय?"

"असू दे, पोस्टमास्तर. चुकून राहिला होता."

"चुकून?" काकांचा आवाज चढला. "माझ्या हातून? कधी ऐकलंय?" त्यांनी स्कार्फ ताईंच्या हातून काढून घेतला, टेबलावर पसरला आणि पुन्हा घडी घालू लागले. कडा नेमक्या जुळत होत्या.

काकू जवळ गेल्या. "अहो, कुणाचा आहे हा?"

काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"एक बाई येतात रोज," ते म्हणाले. "नाव काही आठवत नाही."

"मग कप्पा कसा कळला?"

"नावं वाचत बसलं तर टपालाची गाडी चुकते, बाई. पत्ता बघायचा." त्यांनी स्कार्फ सहाव्या कप्प्यात सरकवला, कडेवर बोट ठेवून अंतर पाहिलं. "पत्ता बरोबर आहे."

दारात पाहुणे चपला काढून ताटकळले होते. ताईंनी अवघडून काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पदर सारखा केला.

"ताई, त्यांना आत बसवा, चहा द्या," त्या म्हणाल्या. "पण खोली दाखवू नका. मी येतेय राहायला."