रेघेतलं घर

तलावात पाणी जेवढ्यास तेवढं आणि शहराला मात्र फुटलेले पाय. म्हणून ठरलं, की नकाशावर एक रेघ ओढायची. आत नवी बांधकामं, नवे नळ. बाहेर ठणठण गोपाळ. काम आलं नगररचना कार्यालयातल्या फूटपट्टीकडे. हे नाव त्याला घरच्यांनीच ठेवलेलं, कारण हा पठ्ठ्या लहानपणी वहीचा समासही मोजून आखायचा.

पण ऐन वेळी बारीक पेन वाळलं. नवं मागवायचं तर तीन सह्या, आणि बैठक तासाभरावर. फूटपट्टीने हाताला लागला तो जाड मार्कर उचलला आणि रेघ मारून मोकळा झाला. वर साहेबांची सहीही पडली. त्या मार्करची जाडी जमिनीवर वीस मीटर भरते, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

ते कळलं ताई आली तेव्हा. फूटपट्टीच्या थोरल्या बहिणीचं नवं घर नेमकं त्या रेघेच्या पोटात सापडलं होतं.

"तुझा कारकून म्हणतो, स्वयंपाकघर शहरात आणि न्हाणीघर बाहेर. मग अंघोळ काय ओट्यावर बसून करू?"

"ताई, ऑफिस आहे. हळू."

"पेन नव्हतं तर मला सांगायचंस. भाच्याच्या दप्तरात ढीगभर आहेत!"

रेघेची बाहेरची कड धरली की ताईला नळ मिळत होता. फूटपट्टीने तसं लिहायला पेन उचललंही. तेवढ्यात ताईच्या मागून एक बिल्डर गोड हसत पुढे आला. त्याच्या तीन टोलेजंग इमारतींची जागाही त्याच रेघेत होती.

"द्या ना साहेब ताईंना. बहिणीचं काम आहे. आमचं काय, ओघाने होईलच."

हीच ताई त्याला कडेवर घेऊन सार्वजनिक नळाच्या रांगेत उभी राहायची. तिच्याकडे न बघता त्याने लिहिलं, 'आतली कड धरावी.' बिल्डरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. ताई पिशवी उचलून तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात ताई, भाऊजी आणि दोन्ही भाचे, खांद्यावर टॉवेल, हातात बादल्या, धुण्याचं हे एवढं गाठोडं.

"तुझं न्हाणीघर तर रेघेच्या आत आहे ना?" म्हणत ताई सरळ आत शिरली.

मग हे रोजचंच झालं. चौथ्या दिवशी फूटपट्टी तोंडाला साबण लावून बेसिनपाशी उभा होता आणि नळाने दोनदा खोकून मान टाकली. वरची टाकी रिकामी झाली होती.

"संपलं?" ताई केस पुसत म्हणाली. "घरात माणसं किती वाढू द्यायची, त्याची रेघ नाही ओढलीस का रे?"

साबणामुळे त्याला डोळे उघडता येईनात. ताईने त्याचा हात धरून कट्ट्यावरच्या तांब्यावर ठेवला.

"तुझ्यापुरतं काढून ठेवलंय. मोजून वापर."